घोड्यांच्या शर्यतीवर पैसे कसे लावतात? विनपासून जॅकपॉटपर्यंतचे प्रकार आणि त्यांचा हिशेब

मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर साधारण नोव्हेंबर ते एप्रिल आणि पुण्यात जुलै ते ऑक्टोबर या काळात घोड्यांच्या शर्यतींचा मोसम असतो. दोन्ही ठिकाणच्या शर्यती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब भरवतो. पहिल्यांदा रेसकोर्सवर गेलेला माणूस खिडकीसमोर उभा राहिला की त्याच्या कानावर विन, प्लेस, एसएचपी, क्विनेला, तानाला, ट्रेबल, जॅकपॉट असे शब्द पडतात. आजूबाजूचे लोक ते सराईतपणे वापरत असतात. नवख्याला मात्र दहा रुपयांच्या तिकिटात नेमके काय विकत घेतले हेच कळत नाही.

या लेखात प्रत्येक प्रकाराचा अर्थ, त्यात जिंकण्याची शक्यता किती, तो कधी उपयोगी पडतो आणि त्याची खरी किंमत काय, हे पाहू. सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पैसे लावण्याचा प्रकार बदलला म्हणून घोडा वेगाने पळत नाही. प्रकार बदलला की फक्त तीन गोष्टी बदलतात: जिंकण्याची शक्यता, जिंकल्यास मिळणारी रक्कम आणि त्या तिकिटामागे होणारा खर्च. या तिन्हींचा मेळ घालणे यालाच डावपेच म्हणता येते.

टोट आणि बुकी: पैसे कोणाविरुद्ध लावले जातात?

रेसकोर्सवर पैसे लावण्याचे दोन मार्ग असतात. पहिला टोट, म्हणजे टोटलायझेटर. या पद्धतीचा पाया १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर यांनी घातला. पुढे १९१३ मध्ये जॉर्ज ज्युलियस यांनी बनवलेले पहिले स्वयंचलित यंत्र न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या एलर्स्ली रेसकोर्सवर बसवले गेले. आज हे काम संगणक करतो, पण तत्त्व तेच आहे. एका प्रकारात सर्वांनी लावलेले पैसे एकत्र जमा होतात. या जमा रकमेला पूल म्हणतात. त्यातून ठरलेली कपात होते आणि उरलेली रक्कम जिंकलेल्या तिकिटांमध्ये वाटली जाते. दहा रुपयांच्या तिकिटामागे जी रक्कम मिळते तिला डिव्हिडंड म्हणतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. विनच्या पूलमध्ये १० लाख रुपये जमले आणि कपात २० टक्के आहे. वाटण्यासाठी ८ लाख उरले. पाच घोड्यांवर लागलेले पैसे आणि त्यांचा डिव्हिडंड असा:

- १ नंबर: ४,००,००० रुपये, डिव्हिडंड २० रुपये
- २ नंबर: २,५०,००० रुपये, डिव्हिडंड ३२ रुपये
- ३ नंबर: २,००,००० रुपये, डिव्हिडंड ४० रुपये
- ४ नंबर: १,००,००० रुपये, डिव्हिडंड ८० रुपये
- ५ नंबर: ५०,००० रुपये, डिव्हिडंड १६० रुपये

कोणताही घोडा जिंकला तरी वाटप ८ लाखांचेच होते. म्हणजे टोटमध्ये माणूस क्लबविरुद्ध नव्हे, तर बाकीच्या खेळणाऱ्यांविरुद्ध पैसे लावतो. क्लब आणि सरकार आपला वाटा आधीच बाजूला काढतात. शिवाय तिकीट घेताना पडद्यावर दिसणारा डिव्हिडंड कायम राहत नाही. खिडकी बंद होईपर्यंत पैसे येत राहतात आणि आकडे हलत राहतात.

दुसरा मार्ग म्हणजे रेसकोर्सवरील परवानाधारक बुकी. तो भाव देतो आणि तिकीट घेतले त्या क्षणाचा भाव पक्का होतो. ३/१ भाव असेल तर एका रुपयामागे तीन रुपये नफा आणि मूळ रुपया परत. या भावातून शक्यताही काढता येते: एक भागिले चार, म्हणजे २५ टक्के. समजा, पाच घोड्यांचे भाव ६/४, २/१, ४/१, ६/१ आणि ९/१ आहेत. त्यांच्या शक्यता अनुक्रमे ४०, ३३.३, २०, १४.३ आणि १० टक्के येतात. बेरीज होते ११७.६. खऱ्या शक्यतांची बेरीज शंभरच असायला हवी. वरचे १७.६ हा बुकीने भावात धरलेला आपला फायदा. टोटमध्ये कपात उघड असते, बुकीकडे ती भावात दडलेली असते. फुकट मात्र कुठेच नाही.

एका घोड्यावरचे प्रकार

विन: निवडलेला घोडा पहिला आला पाहिजे. सर्वांत सोपा आणि हिशेबाला सर्वांत स्वच्छ प्रकार. घोड्याविषयीचे मत बरोबर होते की चूक, हे विनच्या तिकिटातून थेट कळते.

प्लेस: घोडा पहिल्या काही क्रमांकांत आला तरी पैसे मिळतात. किती क्रमांक धरायचे ते शर्यतीत किती घोडे आहेत यावर ठरते आणि रेसकार्डवर ते दिलेले असते. पूल अनेक घोड्यांच्या तिकिटांत विभागला जात असल्याने डिव्हिडंड लहान असतो. फेव्हरिट घोडे आले, तर दहा रुपयांचे अकरा-बारा रुपये मिळणेही नवलाचे नाही. त्यामुळे ‘प्लेस सुरक्षित असतो’ हे अर्धसत्य आहे. तिकीट वारंवार लागते, पण एक हुकलेले तिकीट पाच-सहा लागलेल्या तिकिटांचा नफा खाऊन टाकते.

एसएचपी आणि टीएचपी: सेकंड हॉर्स पूल आणि थर्ड हॉर्स पूल हे भारतातील रेसकोर्सवर चालणारे प्रकार आहेत. एसएचपीत घोडा नेमका दुसरा आणि टीएचपीत नेमका तिसरा यावा लागतो. एसएचपी लावलेला घोडा पहिला आला तर तिकीट फुकट जाते. नवखे लोक इथे प्लेसशी गल्लत करतात. एक घोडा इतरांपेक्षा फारच सरस असेल आणि त्याच्या विनचा डिव्हिडंड अगदीच कमी दिसत असेल, तेव्हा दुसरा कोण येईल याविषयी ठाम मत असलेले लोक एसएचपीकडे वळतात.

एकाच शर्यतीतील अनेक घोड्यांचे प्रकार

क्विनेला: पहिले दोन घोडे ओळखायचे, क्रम कोणताही चालतो.

फोरकास्ट: पहिले दोन घोडे नेमक्या क्रमाने.

तानाला: पहिले तीन घोडे नेमक्या क्रमाने.

एक्झॅक्टा: भारतात ज्या केंद्रांवर हा प्रकार चालतो तिथे पहिले चार घोडे नेमक्या क्रमाने. अमेरिकेत मात्र एक्झॅक्टा म्हणजे पहिले दोन घोडे क्रमाने. परदेशी लेख किंवा व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते.

दहा घोड्यांच्या शर्यतीत क्विनेलाच्या ४५ जोड्या होतात. फोरकास्टचे ९०, तानालाचे ७२० आणि एक्झॅक्टाचे ५,०४० क्रम होतात. एकेक घोडा वाढवला की अवघडपणा किती पटींनी वाढतो, हे या आकड्यांवरून दिसते. डिव्हिडंड मोठा दिसतो तो याच कारणाने.

तानालासारख्या काही पूलमध्ये रक्कम ७० आणि ३० टक्के अशी विभागलेली असते. ७० टक्के पूर्ण बरोबर तिकिटांना आणि ३० टक्के जवळपास पोहोचलेल्या तिकिटांना. ‘जवळपास’ची व्याख्या प्रत्येक प्रकारात वेगळी असते, म्हणून ती रेसकार्डवर वाचून घ्यावी.

अनेक शर्यतींचे प्रकार

ट्रेबल: ठरवून दिलेल्या तीन शर्यतींचे तिन्ही विजेते.

जॅकपॉट: ठरवून दिलेल्या पाच शर्यतींचे पाचही विजेते. मिनी आणि सुपर जॅकपॉट ही त्याची लहान-मोठी भावंडे. इथेही रक्कम अनेकदा ७० आणि ३० टक्के अशी वाटली जाते. पूर्ण बरोबर तिकीट कोणाचेच नसेल, तर नियमानुसार रक्कम पुढच्या दिवसाच्या पूलमध्ये नेली जाऊ शकते.

प्रत्येकी दहा घोड्यांच्या पाच शर्यती असतील, तर जॅकपॉटच्या शक्यता एक लाख होतात. मात्र जॅकपॉटची एक बाजू सहसा लक्षात येत नाही. एखाद्याने पाच शर्यतींत विन लावत, दर वेळी जिंकलेली सगळी रक्कम पुढे लावली, तर प्रत्येक शर्यतीत कपात होते. २० टक्क्यांच्या कपातीने पाच वेळा ८० टक्के, म्हणजे शेवटी सुमारे ३३ टक्केच वाटा उरतो. जॅकपॉटमध्ये कपात एकदाच होते. ती २५ टक्के धरली तरी ७५ टक्के रक्कम वाटायला राहते. त्यामुळे पाच शर्यतींत मिळकत फिरवत नेण्यापेक्षा जॅकपॉटचे तिकीट हिशेबाने बरे ठरते. अडचण एवढीच, की ते लागण्याआधी कित्येक महिने पैसे जात राहतात आणि तेवढा धीर व तेवढी रक्कम थोड्याच लोकांकडे असते.

बॉक्स, बँकर आणि तिकिटांची संख्या

एकाच प्रकारात अनेक घोडे घेता येतात. निवडलेल्या घोड्यांचे सर्व क्रम घेणे याला बॉक्स म्हणतात. एक घोडा एका जागी पक्का धरून बाकीचे त्याच्याभोवती फिरवणे म्हणजे बँकर. दहा रुपयांच्या तिकिटाने खर्च असा येतो:

- तीन घोड्यांचा क्विनेला बॉक्स: ३ तिकिटे, ३० रुपये
- तीन घोड्यांचा फोरकास्ट बॉक्स: ६ तिकिटे, ६० रुपये
- चार घोड्यांचा तानाला बॉक्स: २४ तिकिटे, २४० रुपये
- पाच घोड्यांचा तानाला बॉक्स: ६० तिकिटे, ६०० रुपये
- एक घोडा पहिला पक्का आणि चार घोडे दुसऱ्या-तिसऱ्या जागी: १२ तिकिटे, १२० रुपये

शेवटच्या दोन ओळी ताडून पाहाव्यात. दोन्हींत पाचच घोडे आहेत, पण पहिल्याविषयी ठाम मत असल्याने खर्च पाचव्या हिश्श्यावर आला. मत नसताना घेतलेला बॉक्स म्हणजे आपल्याला काही कळत नाही याचीच किंमत मोजणे होय.

जॅकपॉटमध्ये हाच विचार शर्यतींना लावतात. पाच शर्यतींत अनुक्रमे दोन, तीन, एक, चार आणि दोन घोडे घेतले, तर गुणाकार ४८, म्हणजे ४८० रुपये. तिसरी शर्यत इथे बँकर आहे. तिथेही दोन घोडे घेतले तर खर्च थेट ९६० होतो. म्हणून अवघड शर्यतींत जास्त घोडे आणि सोप्या वाटणाऱ्या एक-दोन शर्यतींत एकच घोडा, अशी मांडणी करतात. सर्व शर्यतींत ‘असू द्यावा एक जास्तीचा’ म्हणून घोडे वाढवत गेल्यास तिकीट बघता बघता हजारांत जाते.

तिकिटाची खरी किंमत: जीएसटी आणि प्राप्तिकर

डावपेचांकडे वळण्याआधी कर समजून घ्यायला हवा, कारण सगळी गणिते त्यावर फिरतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून घोड्यांच्या शर्यतींवरील पैजांच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आकारला जाऊ लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के झाला. हा कर नफ्यावर नसून लावलेल्या रकमेवर आहे. तिकीट हरले तरी तो गेलेलाच असतो.

कर वेगळा घेतला जातो असे धरले, तर १०० रुपयांच्या तिकिटाला १४० रुपये पडतात. पूलमधील कपात २० टक्के धरली, तर सर्व खेळणाऱ्यांना मिळून १४० रुपयांमागे ८० रुपये परत येतात. म्हणजे १०० रुपयांमागे सुमारे ५७. घोडा सुरुवातीच्या फाटकातून सुटण्याआधीच ४३ रुपये गेलेले असतात.

जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो. दहा हजार रुपयांपेक्षा जास्त रक्कम एका व्यवहारात जिंकली, तर कर जागेवरच कापून घेतला जातो. सर्वांत जाचक गोष्ट पुढची आहे: हरलेल्या तिकिटांचे पैसे यातून वजा करता येत नाहीत. समजा, एखाद्याने मोसमात ५० हजार जिंकले आणि हरलेल्या तिकिटांवर ६० हजार घालवले. प्रत्यक्षात तो १० हजारांनी तोट्यात आहे, तरीही जिंकलेल्या ५० हजारांवर त्याचा कर १५,६०० रुपये होतो.

उपयोगी सूत्र: लागणारा डिव्हिडंड

कोणत्याही प्रकाराला लागू पडणारे एक सोपे सूत्र आहे. तिकिटाचा एकूण खर्च भागिले जिंकण्याची शक्यता, म्हणजे ते तिकीट परवडण्यासाठी लागणारा किमान डिव्हिडंड. घोडा जिंकण्याची शक्यता २५ टक्के वाटत असेल, तर करविना दहा रुपयांमागे ४० रुपये लागतात. कर धरून तिकीट १४ रुपयांना पडले, तर ५६ रुपये लागतात. प्राप्तिकर यात धरलेलाच नाही. पडद्यावर ४५ दिसत असेल, तर घोडा कितीही आवडता असला तरी तिकीट महाग आहे.

क्विनेला आणि फोरकास्टसाठी १९७३ मध्ये डेव्हिड हारव्हिल यांनी मांडलेली पद्धत वापरतात. दोन घोड्यांच्या जिंकण्याच्या शक्यता ४० आणि २५ टक्के धरू. पहिला जिंकला की उरलेल्या ६० टक्क्यांत दुसऱ्याचा वाटा २५. म्हणून या क्रमाची शक्यता ०.४० गुणिले ०.२५ भागिले ०.६०, म्हणजे १६.७ टक्के. उलट क्रमाची १३.३ टक्के. दोन्ही मिळून क्विनेलाची शक्यता ३० टक्के. करविना सुमारे ३३ रुपये आणि कर धरून सुमारे ४७ रुपये डिव्हिडंड असेल, तरच हे तिकीट परवडते.

या सूत्राला एक मर्यादा आहे. काही घोडे जिंकतात किंवा थेट मागे पडतात, काही मात्र नेहमी दुसरे-तिसरे येतात. त्यामुळे आकड्यांना घोड्याच्या स्वभावाची जोड द्यावी लागते.

शक्यता ठरवायची कशी?

शर्यतीच्या पुस्तिकेत यासाठी बरीच माहिती असते. भारतातील बहुतेक शर्यती हँडिकॅप पद्धतीच्या असतात. चांगल्या घोड्याला जास्त रेटिंग आणि त्यानुसार जास्त वजन दिले जाते, म्हणजे सगळ्यांना जवळपास सारखी संधी मिळावी. मागच्या शर्यतीत सहज जिंकलेला घोडा या वेळी जास्त वजन घेऊन पळत असतो, हे विसरून लोक त्याच्यावर तुटून पडतात.

त्याशिवाय पाहायच्या गोष्टी म्हणजे अंतर, धावपट्टीचा मऊपणा, सुटण्याची जागा, जॉकी, ट्रेनर आणि सकाळच्या सरावाच्या वेळा. पुण्याचा मोसम पावसाळ्यात येतो, त्यामुळे धावपट्टी मऊ असताना कोणता घोडा कसा पळाला, ही नोंद तिथे फार मोलाची. १००० मीटरला चमकणारा घोडा १६०० मीटरला दमू शकतो. महालक्ष्मीवर १९४३ पासून होणारी इंडियन डर्बी २४०० मीटरची असते. त्या अंतराला घोड्याच्या वेगाइतकीच त्याच्या दमाची परीक्षा असते.

शक्यता आधी कागदावर लिहावी आणि भाव नंतर पाहावा. भाव आधी पाहिला की मत नकळत गर्दीच्या बाजूने झुकते.

कोणता प्रकार कधी?

- एक घोडा सरस वाटतो आणि डिव्हिडंड लागणाऱ्या रकमेपेक्षा जास्त आहे: विन.
- मोठ्या डिव्हिडंडचा घोडा पुढे येईल असे वाटते, पण जिंकेलच असे नाही: प्लेस. फेव्हरिटवर प्लेस लावण्यात क्वचितच काही हाती लागते.
- दोन घोडे बाकीच्यांपेक्षा वरचढ, पण आपसांत तुल्यबळ: क्विनेला.
- पहिला पक्का, दुसऱ्याविषयी थोडी शंका: बँकर धरून फोरकास्ट.
- दोन घोड्यांवर विन लावायचे असेल, तर कोणीही जिंकले तरी सारखीच रक्कम मिळेल अशी विभागणी. वरच्या उदाहरणातील २ नंबरवर ५०० आणि ४ नंबरवर २०० लावले, तर दोन्ही बाजूंनी १,६०० रुपये येतात.
- काहीच ठाम मत नाही: शर्यत सोडून देणे. दिवसात आठ शर्यती असल्या म्हणून आठही खेळायलाच हव्यात असे नाही.

एक गोष्ट अनेक देशांतील अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसली आहे. अमेरिकेत रिचर्ड ग्रिफिथ यांनी १९४९ मध्ये ती प्रथम मांडली. लोक दुबळ्या घोड्यांवर त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात आणि फेव्हरिटवर थोडे कमी. म्हणजे दहाचे पाचशे करण्याच्या आशेने घेतलेली तिकिटे सरासरीने सर्वांत जास्त पैसे बुडवतात. सगळीकडे हे सारखे आढळत नाही, हाँगकाँग हे त्याचे अपवाद म्हणून दिले जाणारे उदाहरण आहे. आणि फेव्हरिट तुलनेने बरे म्हणजे फायद्याचे, असाही अर्थ होत नाही. कपात आणि कर भरून निघावा एवढा तो फरक नसतो.

किती पैसे लावायचे?

१९५६ मध्ये बेल लॅब्जमधील जॉन केली यांनी एक सूत्र मांडले. समजा तिकिटाला १४ रुपये पडतात आणि डिव्हिडंड ७० आहे. निव्वळ नफा ५६, म्हणजे खर्चाच्या चौपट. जिंकण्याची शक्यता २५ टक्के धरली, तर चार गुणिले ०.२५ वजा ०.७५, भागिले चार. उत्तर ६.२५ टक्के. खेळासाठी बाजूला ठेवलेले १०,००० रुपये असतील, तर ६२५ रुपये. अंदाज चुकू शकतो म्हणून बरेच जण याच्या निम्मेच लावतात. हीच शक्यता प्रत्यक्षात २० टक्के असेल, तर सूत्राचे उत्तर शून्य येते, म्हणजे लावूच नये. पाच टक्क्यांच्या चुकीने चांगले वाटणारे तिकीट निरुपयोगी ठरते.

याउलट सर्वांत घातक डाव म्हणजे हरल्यावर रक्कम दुप्पट करणे. १०० रुपयांपासून सुरुवात करून सलग दहा वेळा हरले, तर १,०२,३०० रुपये गेलेले असतात आणि अकराव्या वेळी १,०२,४०० लावावे लागतात. फेव्हरिट तीनातून एकदा जिंकतो असे धरले, तर सलग दहा वेळा हरण्याची शक्यता सुमारे ५८ मध्ये एक. मोसमभर खेळणाऱ्याला ती वेळ कधी ना कधी येणारच. शिवाय टोटमध्ये मोठी रक्कम लावली की आपल्याच पैशांनी आपला डिव्हिडंड घसरतो.

कोणी सातत्याने जिंकते का?

हाँगकाँगमध्ये बिल बेंटर यांनी १९८०च्या दशकापासून संगणकाच्या मदतीने हे करून दाखवले आणि १९९४ मध्ये आपली पद्धत प्रसिद्धही केली. त्यांनी प्रत्येक घोड्याविषयीचे अनेक घटक मोजले आणि स्वतःच्या अंदाजात लोकांचा भावही मिसळला, कारण गर्दीला बऱ्याच गोष्टी माहीत असतात. त्यामागे वर्षानुवर्षांची नोंद, मोठे भांडवल आणि प्रचंड मोठे पूल होते. रविवारी दुपारी पुस्तिका चाळून ते साधत नाही.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. त्यावरून कौशल्य असले की नफा होतो, असा निष्कर्ष अनेक जण काढतात. तो बरोबर नाही. निकाल कायद्यातील जुगाराच्या व्याख्येविषयी आहे. कौशल्य असलेल्या माणसालाही आधी कपात आणि कर ओलांडावाच लागतो.

नेहमी पडणारे प्रश्न

घोडा शर्यतीतून माघारी घेतला तर? विन किंवा प्लेसच्या तिकिटाचे पैसे सहसा परत मिळतात. जॅकपॉटसारख्या प्रकारांत सहसा त्याच्या जागी फेव्हरिट धरला जातो.

तिकीट कधी फाडावे? निकाल अधिकृत जाहीर होईपर्यंत मुळीच नाही. आक्षेप किंवा चौकशीनंतर क्रमांक बदलू शकतात.

मोबाइलवर येणाऱ्या ‘फिक्स’ टिपांवर विश्वास ठेवावा का? नाही. टोटमध्ये खरी खबर जितक्या लोकांना सांगावी तितका डिव्हिडंड कमी होतो. मग ती विकणारा ती का विकतो, हे विचारून पाहावे. वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळे घोडे सांगितले, की कोणाची तरी टीप खरी ठरतेच.

कुठेही पैसे लावले तर चालते का? नाही. महाराष्ट्रात परवाना असलेल्या रेसकोर्सवर, ठरवून दिलेल्या जागेत किंवा अधिकृत टोटवर लावलेले पैसेच कायद्यात बसतात. गल्लीतल्या बुकीकडे लावलेल्या पैशांना कायद्याचे संरक्षण नाही आणि गुन्हा दाखल होऊ शकतो.

नवख्याने कोणता प्रकार निवडावा? लहान रकमेचे विन. बुडाले तरी चालतील एवढेच पैसे खिशात ठेवून जावे आणि प्रत्येक तिकिटाची नोंद करावी: मनात धरलेली शक्यता, डिव्हिडंड, खर्च आणि निकाल. पन्नास-साठ नोंदी झाल्या की आपला अंदाज गर्दीपेक्षा बरा आहे का, याचे थोडेफार उत्तर वहीतून मिळू लागते. बहुतेकांना ते ‘नाही’ असेच मिळते. तेव्हा शर्यतीला जाणे हा सिनेमाच्या तिकिटासारखा करमणुकीचा खर्च मानावा.

हा खर्च हाताबाहेर जातोय हे कसे ओळखावे? गेलेले पैसे भरून काढण्यासाठी पुन्हा लावणे, घरच्यांपासून रक्कम लपवणे, उधारीवर किंवा घरखर्चाच्या पैशांतून खेळणे ही तिन्ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी नवा डावपेच शोधण्यात अर्थ नसतो, मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या टेली मानस या सेवेत १४४१६ या क्रमांकावर समुपदेशकाशी मोफत बोलता येते.